यकृतावरचा सहा मिलिमीटरचा ठिपका

दिवाळीच्या सुटीतली सकाळ. कोपर स्टेशनच्या खालच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी स्लो लोकल येऊन थांबते. नववीत शिकणारी एक मुलगी, तिचे बाबा आणि आजोबा गर्दीतून वाट काढत आत शिरतात. कोणीतरी आजोबांना बसायला जागा देते.

"आजोबा, तो लिफाफा माझ्याकडे द्या."

"सांभाळ गं. दुमडू नकोस हं."

लिफाफा मोठा आहे. त्यात सी.टी. स्कॅनच्या काळ्या फिल्म आणि दोन पानांचा अहवाल आहे. आजोबांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ सापडली आहे. तिची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी छाती व पोट यांचा स्कॅन काढला. अहवालाच्या शेवटी एक ओळ आहे : 'यकृताच्या उजव्या भागात ६ मिलिमीटरचा ठिपका. आकार फार लहान असल्याने स्वरूप निश्चित सांगता येत नाही. पुढे पुन्हा तपासावे.'

रात्री ही ओळ घरातल्या सर्वांनी तीन-तीनदा वाचली. आजोबांनी नातीला विचारले, "तू विज्ञानात हुशार ना? मग सांग, माझ्या लिव्हरमध्ये कॅन्सर पोचलाय की नाही?"

"आजोबा, त्यात 'आहे' असंही लिहिलेलं नाही आणि 'नाही' असंही नाही."

"मग एवढं मोठं मशीन कशाला?"

मित्रहो, ही नात आणि हे आजोबा आपण उदाहरणासाठी घेतले आहेत. पण असा लिफाफा आणि अशी ओळ घेऊन परळच्या रस्त्याने चालणारी माणसे खरी आहेत. आजोबांचा प्रश्नही अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला रक्ताभिसरण, क्ष-किरण, सरासरी आणि घनमूळ या शाळेत शिकलेल्या साऱ्या गोष्टींची गरज पडणार आहे.

रक्ताचे जंक्शन

आजार आतड्यात, मग यकृताची तपासणी कशासाठी? कोपरच्या मुलांना हे पटकन समजेल. कर्जतकडून येणारी गाडी असो वा कसाऱ्याकडून येणारी, मुंबईला जायचे तर तिला आधी कल्याण जंक्शनात यावे लागते. आपल्या पोटातही असेच आहे. जठर, लहान आतडे, मोठे आतडे, प्लीहा आणि स्वादुपिंड यांतून निघणारे रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेत एकत्र होते आणि यकृतात शिरते. या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त हिच्यातून येते. अन्नातून शोषलेले पदार्थ शरीरभर पसरण्यापूर्वी यकृताने तपासावेत, साठवावेत, विषारी असल्यास निकामी करावेत, यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे.

आतड्यातल्या कर्करोगाच्या काही पेशी मूळ गाठीपासून सुटून रक्तात शिरल्या, तर त्याही याच मार्गाने जातात. यकृतात आल्यावर रक्तवाहिन्या केसाहून बारीक होतात, रक्ताचा वेग मंदावतो आणि त्या पेशी तेथे अडकण्याची शक्यता निर्माण होते. त्यांतील बहुसंख्य मरतात. एखादी मात्र तग धरते, विभागू लागते आणि तिथे दुय्यम गाठ तयार होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशी दुय्यम गाठ सर्वांत जास्त वेळा यकृतातच आढळते, त्याचे मुख्य कारण हे आहे. सुमारे पाच रुग्णांपैकी एकाच्या यकृतात ती रोगाचे निदान होते तेव्हाच असते.

कोपरला आणखी एक मार्ग आहे. वरच्या पुलावरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या जातात. त्या मुंबईत न शिरता बाहेरून वसईकडे निघून जातात. शरीरातही असा बाहेरचा रस्ता आहे. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातले रक्त यकृताला वगळून मोठ्या महाशिरेतून हृदयाकडे व तेथून फुप्फुसांकडे जाते. म्हणूनच स्कॅन पोटाबरोबर छातीचाही काढतात.

ठिपका कशाकशाचा असू शकतो?

यकृतात ठिपका दिसला म्हणजे तो कर्करोगाचाच, असे मात्र नाही. धडधाकट माणसांच्या यकृतातही ठिपके असतात. काहींत पातळ द्रवाने भरलेली पुटी असते, म्हणजे जणू पाण्याचा छोटा फुगा. काहींत बारीक रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता असतो. कुठे यकृताच्या एखाद्या कोपऱ्यात चरबी जास्त साठलेली असते. आपल्या देशात आणखी काही शक्यता लक्षात ठेवाव्या लागतात : क्षयरोगाची छोटी गाठ किंवा अमीबामुळे पूर्वी झालेल्या गळवाचा जुना व्रण. यांपैकी बहुतेकांची माणसाला आयुष्यभर खबरही नसते. कर्करोगासाठी स्कॅन काढला, म्हणून ते प्रथमच उजेडात येतात.

मोठ्या आकाराचे ठिपके बहुधा ओळखता येतात. स्कॅनच्या वेळी शिरेतून आयोडीनयुक्त द्राव टोचतात. त्याने यकृत उजळते. पुटीत रक्त नसल्यामुळे ती उजळत नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता कडेपासून आत असा सावकाश भरत जातो. दुय्यम गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी राहते आणि कित्येकदा तिच्या भोवती कडे दिसते. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून ओळख पटते. मग सहा मिलिमीटरला काय अडले?

सरासरीची फसवणूक

सी.टी. स्कॅनरचा शोध इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी लावला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील एका रुग्णालयात त्याने प्रथम रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधासाठी हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र शरीराभोवती फिरत क्ष-किरण सोडते, पलीकडे किती किरण पोचले ते मोजते आणि संगणकाच्या साहाय्याने शरीराचे आडवे काप तयार करते. पहिल्या यंत्राच्या चित्रात ८० × ८०, म्हणजे ६,४०० चौकोन होते. आज साधारणपणे ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकोन असतात.

प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो. त्याला हाउन्सफील्ड अंक म्हणतात. पाण्याचा अंक ०, हवेचा उणे १०००. द्राव टोचल्यानंतर यकृताचा अंक सुमारे ११० पर्यंत चढतो. पुटीत जवळजवळ पाणीच असल्यामुळे तिचा अंक शून्याच्या आसपास असतो. मग आकडा वाचला की झाले! पण इथेच एक गोम आहे.

चित्रातला चौकोन सपाट दिसला, तरी प्रत्यक्षात तो ठोकळा असतो. कापाला जाडी असते. एका ठोकळ्यात जे जे काही येते त्या सर्वांची सरासरी काढून यंत्र एकच आकडा देते. समजा, काप ५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि पुटीची कड त्यात ३ मिलिमीटरच शिरली आहे. उरलेले २ मिलिमीटर यकृत आहे. आता गणित करा :

(३ × ० + २ × ११०) ÷ ५ = ४४

अंक आला ४४. हा पाण्याचाही नाही आणि यकृताचाही नाही. पंचाईत अशी, की पेशींनी भरलेल्या दुय्यम गाठीचा अंकही साधारण याच टापूत येऊ शकतो. निरुपद्रवी पुटी आणि कर्करोगाची गाठ यांनी जणू एकाच मापाचा सदरा घातला!

मग काप पातळ करावेत. आजची यंत्रे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काप देतात. पण काप पातळ केला की प्रत्येक ठोकळ्याच्या वाट्याला येणारे क्ष-किरण कमी होतात आणि चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. किरण वाढवावेत तर रुग्णाला मिळणारी किरणांची मात्रा वाढते. म्हणून तज्ज्ञ पातळ व जाड दोन्ही काप पाहतात, आणि तरीही खात्री पटली नाही तर 'निश्चित सांगता येत नाही' असे लिहितात. आजोबांना ही ओळ यंत्राची हार वाटली. खरे तर ते प्रामाणिक मोजमाप आहे. आपली फूटपट्टी कुठवर पोचते हे सांगणे हा मापनाचाच एक भाग आहे.

शंभरांपैकी किती?

'सांगता येत नाही' याचा अर्थ 'निम्मी शक्यता' असा मात्र नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांनी वेगवेगळ्या कर्करोगांच्या सुमारे ३,००० रुग्णांचे स्कॅन तपासून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर आठांपैकी सुमारे एका रुग्णाच्या यकृतात एक सेंटिमीटरपर्यंतचे असे ओळखू न येणारे छोटे ठिपके होते. पुढे त्यांचा मागोवा घेतला तेव्हा असे ठिपके असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८० जणांत ते निरुपद्रवी निघाले, सुमारे १२ जणांत कर्करोगाचे निघाले, आणि बाकीच्यांचे नक्की ठरवता आले नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. ८० हा आकडा आजोबांना धीर देतो. १२ हा आकडा डॉक्टरांना गाफील राहू देत नाही.

मग सगळ्यांच्याच ठिपक्यात सुई घालून तुकडा का तपासू नये? सहा मिलिमीटरचा ठिपका श्वासाबरोबर वरखाली होत असतो. त्यात नेमकी सुई घालणे अवघड असते, आणि यकृतात रक्त भरपूर असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो. तुकड्यात कर्करोग नाही असे आले, तरी सुई ठिपक्यात गेली होती की शेजारी, हा प्रश्न उरतोच. बरे, सर्वांना कर्करोग पसरला आहे असे धरून जहाल औषधे दिली, तर शंभरांतल्या त्या ८० जणांना साध्या पुटीपायी विनाकारण त्रास भोगावा लागेल. एखाद्याची आतड्याची आवश्यक शस्त्रक्रियाही लांबेल. म्हणून बहुधा मूळ गाठीचा उपचार ठरल्याप्रमाणे चालू ठेवतात आणि ठिपक्यावर पहारा ठेवतात.

काळ हेच उपकरण

पुटी वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढीच राहते. कर्करोगाची गाठ वाढते. चित्रावरून ज्यांच्यात फरक करता येत नाही, त्यांच्यात काळ फरक करतो. मग प्रश्न उरतो, थांबायचे किती?

इथे घनमूळ मदतीला येते. गणितापुरते समजू, की एका गाठीतील पेशी ९० दिवसांत दुप्पट होतात. गाठ गोल आहे. पेशी दुप्पट म्हणजे घनफळ दुप्पट. पण व्यास दुप्पट होत नाही. १.२६ चा घन सुमारे २ येतो, म्हणून व्यास फक्त १.२६ पट होतो. आता पाहा :

सुरुवातीस — ६ मिलिमीटर
९० दिवसांनी — ७.६ मिलिमीटर
१८० दिवसांनी — ९.५ मिलिमीटर
२७० दिवसांनी — १२ मिलिमीटर

पहिल्या तीन महिन्यांत पेशी दुप्पट झाल्या, तरी व्यासात जेमतेम दीड मिलिमीटर भर पडली. पंधरा दिवसांनी पुन्हा स्कॅन काढला असता, तर वाढ पाव मिलिमीटरच्या आसपास असती आणि ती कोणालाच कळली नसती. 'उद्याच पुन्हा काढा ना!' असे घरच्यांना वाटते. डॉक्टर मात्र बहुधा तीनेक महिन्यांचे अंतर ठेवतात, त्याचे मर्म या चार ओळींत आहे. अंतर फार कमी ठेवले तर काही कळत नाही. फार जास्त ठेवले तर उपचाराची संधी हुकते.

वर्गात करून पाहा

एक वाळलेला वाटाणा घ्या. वर्गातल्या प्रत्येकाने साध्या फूटपट्टीने त्याचा व्यास मोजावा आणि शेजाऱ्याला न दाखवता चिठ्ठीवर लिहावा. सरांनी वा बाईंनी सर्व आकडे फळ्यावर मांडावेत. वाटाणा एकच, पण आकडे वेगवेगळे येतील! त्यांत सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांत किती फरक पडला ते पाहा. आता विचार करा : याच फूटपट्टीने आज ६ आणि तीन महिन्यांनी ७ असे माप आले, तर वाटाणा वाढला असे छातीठोकपणे म्हणता येईल का?

स्कॅनवर मोजतानाही असेच होते. एक मिलिमीटरचा फरक हा वाढीचा पुरावा असेलच असे नाही. तो मोजणीतला फरकही असू शकतो. म्हणून एका मापापेक्षा मापांची रांग महत्त्वाची. ६, ७, ६, ६ अशी रांग आली तर ठिपका स्थिर आहे. ६, ७, ९, १२ अशी आली तर तो वाढतो आहे.

यात एक खुबी आणखी आहे. मधल्या काळात रुग्णाला कर्करोगाची औषधे चालू असतील आणि ठिपका लहान झाला, तर पहिल्यांदा आनंद वाटतो. पण पाण्याची पुटी त्या औषधांनी आटत नाही. औषधाने ठिपका लहान होणे ही तो कर्करोगाचा असल्याचीच खूण असू शकते! म्हणून मापाबरोबर मधल्या उपचारांची नोंदही वाचावी लागते.

इतर साक्षीदार

काळाबरोबर आणखी साक्षीदारही तपासतात. एम.आर.आय. यंत्र क्ष-किरण वापरत नाही. ते चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणूंचा वेध घेते. पाण्याची पुटी त्यात दिव्यासारखी उजळ दिसते. यकृताच्या पेशीच शोषून घेतात असा एक खास द्रावही आता मिळतो. दुय्यम गाठीत यकृताच्या पेशी नसतात, म्हणून उजळलेल्या यकृतात ती काळी राहते. सी.टी.त न उलगडलेले कित्येक ठिपके एम.आर.आय.मध्ये उलगडतात.

दुसरा साक्षीदार रक्तात असतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली सी.ई.ए. नावाचे प्रथिन शोधले. आतड्याच्या अनेक कर्करोगांत ते रक्तात वाढते. पण धूम्रपान करणाऱ्यांतही ते थोडे वाढलेले असते आणि काही रुग्णांत कर्करोग असूनही वाढत नाही. म्हणजे येथेही एका आकड्यापेक्षा आकड्यांची चढण बोलकी असते.

तिसरा साक्षीदार म्हणजे स्वतः शल्यचिकित्सक. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पोट उघडले असेल, तर ते यकृत डोळ्यांनी पाहू शकतात, हाताने चाचपू शकतात आणि सोनोग्राफीचे उपकरण थेट यकृतावर ठेवू शकतात.

आणि समजा, ठिपका कर्करोगाचाच निघाला तर? तरीही सर्व संपले असे नाही. गाठी थोड्या असतील व जागा सोयीची असेल, तर यकृताचा तेवढा भाग काढून टाकता येतो. निरोगी यकृताचा बराच मोठा भाग काढला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांत वाढून बरीचशी भरपाई करते. अशी शस्त्रक्रिया शक्य झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दहांत चार जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ही संधी वेळेवर सापडावी, यासाठीच तर पहारा.

परळला

लोकल परळला थांबते. तिघे पूल उतरून चालू लागतात. येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक इथे येतात. आजोबांसारखे लोकलने येणारे तसे जवळचेच.

डॉक्टर फिल्म उजेडावर धरून पाहतात आणि विचारतात, "काका, पूर्वी कधी पोटाचा स्कॅन काढला होता का?"

आजोबा विचारात पडतात. बाबांना आठवते, "चार वर्षांपूर्वी यांना मूतखडा झाला होता. तेव्हा डोंबिवलीला काढला होता. घरी ट्रंकेत असेल."

"तो नक्की आणा. जुने चित्र म्हणजे आपल्याला फुकट मिळालेली चार वर्षे."

पुढच्या खेपेला नात दोन लिफाफे घेऊन येते. जुन्या फिल्ममध्ये, यकृताच्या त्याच जागी, तोच ठिपका आहे. माप सहा मिलिमीटर. ज्या काळाची वाट पाहायची होती, तो आधीच सरून गेला होता. फक्त ट्रंकेत बंद होता.

"म्हणजे लिव्हरमध्ये काही नाही ना?" आजोबा विचारतात.

"हा ठिपका निरुपद्रवी दिसतो. पण आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे तपासण्या ठरल्या वेळी करायच्या. नवीन काही आलं तर लवकर कळायला हवं."

सर्वांच्या घरी असा जुना लिफाफा सापडत नाही, आणि सापडला तरी त्यातून नेहमी चांगलीच बातमी निघते असेही नाही. म्हणून दोन गोष्टी घरी जरूर सांगा. जुने स्कॅन, फिल्म व अहवाल रद्दीत टाकू नका. तारखेनुसार लावून ठेवा. आणि शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत कित्येक आठवडे टिकणारा बदल होणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्त कमी होणे, यांकडे मूळव्याध म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवा.

परतीच्या गाडीत आजोबांनी लिफाफा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पेन काढून त्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिली.